मसाल्याचं नाक

आमच्या घरात मसाला डोळ्यांनी भाजत नाहीत, नाकाने भाजतात. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी गिरगावात वाढलेली, बी. कॉम. झालेली मुलगी असल्यामुळे मनातल्या मनात हसले होते. त्यांच्या नकळत मी धणे रंगावर भाजायचा प्रयत्न केला आणि पहिली कढई करपवली. कढई लोखंडी, मुळातच काळी. धण्यांचा रंग बदलला हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. नाकाला मात्र ते आधी कळतं. कच्चा, गवतासारखा वास जातो, मग एक गोडसर वास येतो, आणि तो आला की हातातलं सगळं टाकून कढई उतरवायची. आणखी थोडा वेळ गेला तर तो मसाला विकायच्या लायकीचा राहत नाही.

माझं सासर खाडीकाठच्या राई गावचं. यांच्याकडे एकेकाळी मिठागर होतं, खाडीलगत भाताची शेती होती. मिठागर बंद झालं, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, आमचं बैठं घर आणि पुढचं अंगण तेवढं मधे उरलं. मिठागर गेल्यावर सासूबाईंनी मसाला करून द्यायला सुरुवात केली. होळी झाली की अंगणात मिरच्या वाळत पडतात, देठं खुडायला शेजारच्या बायका येतात, आणि अंगणातल्या चुलीवर भाजायचं काम मात्र आमच्या दोघींचंच. मी त्यांना आई म्हणते. त्या मला नावाने कधीच हाक मारत नाहीत, ‘पोरी’ म्हणतात, आणि रागावल्या की ‘गिरगाववाली’.

माझं नाक बिघडलं ते असंच एका हंगामात. सर्दी झाली आणि गेलीच नाही. मसाल्याच्या घरात शिंका येतात याचं कुणाला नवल वाटत नाही. शेजारणी म्हणाल्या, मिरचीचा खाट, तिखट धूर, नाकात बसला. मीही तेच समजले. नाक चोंदलं की रात्री झोप लागत नसे, म्हणून केमिस्टकडून नाकात टाकायचे थेंब आणले. काय सांगू, दोन थेंबांत नाक असं मोकळं व्हायचं की त्या केमिस्टच्या पाया पडावंसं वाटायचं. पुढे सकाळ-संध्याकाळ थेंब लागायला लागले, मग दुपारीही, मग बाटली पर्समध्येच राहायला लागली. आणि या सगळ्या भानगडीत वास कधी नाहीसा झाला ते मला कळलंसुद्धा नाही. एके दिवशी दूध उतू जाऊन खाली जळलं, घरभर धूर झाला, आणि मी शेजारच्या खोलीत निवांत बसून, आमच्याकडे शिकायला राहिलेल्या भाचीला हिशेब शिकवत होते. तिनेच नाक मुरडलं तेव्हा मी उठले.

त्यानंतर दोन उन्हाळे मी नाकाशिवाय मसाला भाजला. आईंना मी सर्दी आहे एवढंच सांगितलं होतं. कढईतून उठणारा धूर, धण्यांचा तडतड आवाज, हाताला लागणारी आच, यांवरून अंदाज बांधायचा आणि उतरवायचं. गंमत म्हणजे एकही कढई करपली नाही. गिऱ्हाइकांनी नेहमीसारखी पुन्हा मागणी केली. मी मनातून जरा फुगलेच. इतक्या वर्षांच्या सवयीने माझे डोळे आणि कानच आता नाकाचं काम करायला लागलेत, असं मी स्वतःला समजावलं. एकच गोष्ट मला खुपायची. मी कढई चढवली की आई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायच्या आणि भाजतानाच मधे मधे चिमूट उचलून जिभेवर ठेवायच्या. मिरचीसुद्धा. ‘उतरव गो,’ म्हणायच्या, किंवा नुसतीच मान हलवायच्या. म्हटलं, बघा, इतकी वर्षं झाली तरी विश्वास नाही. मी नवऱ्याकडे तक्रारही केली. तो ऑफिसातून दमून आलेला, त्याने दोघींच्या मधे पडायचं नाही हा आपला नियम पाळला.

शेवटी तिसऱ्या वर्षी होळीनंतर माझी मान, कपाळ, गाल सगळंच दुखायला लागलं आणि नवरा मला केबिन रोडजवळच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर गुजराती, पोट सुटलेले, बोलायला एक नंबर. मी पर्समधून थेंबांची बाटली काढून दाखवली तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘‘बेन, निम्मा रोग या बाटलीत आहे. चोंदलेलं नाक उघडायला टाकता आणि तेच नाक परत चोंदवतं.’’ त्यांनी नाकात दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर मला माझंच नाक आतून दाखवलं. सोललेल्या द्राक्षांसारखे ओलसर, फिकट गोळे दोन्हीकडे दाटीने बसले होते. नाकात मांस वाढणं म्हणतात ते हेच. वास घेणारी जागा नाकात अगदी वर असते, डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, आणि तिथे जायची वाटच या गोळ्यांनी बंद केली होती.

मी विचारलं, वास परत येईल का. वाट बंद असेल तर येईल, पण आतली नसच मेली असेल तर ऑपरेशन करूनही उपयोग नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ते कळायला एक मार्ग होता. रक्तातली साखर तपासून त्यांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. या गोळ्यांनी मांस तात्पुरतं आक्रसतं. तेवढ्यात वास आला तर समजायचं की नस जिवंत आहे. गोळ्या संपल्या की वास पुन्हा जाणार, हेही आधीच सांगून ठेवलं. शिवाय रोज उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई पोट धरून हसल्या. जन्मभर मिठागरात घालवलेल्या घराला डॉक्टरने मीठ सांगितलं, हे त्यांनी पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं.

त्याच सुमाराला आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू कितीतरी वर्षं होता. आम्ही काढायचं म्हटलं की त्या म्हणायच्या, पिकू दे, कच्चा आंबा झाडावरनं उतरवतात का. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं की तो जमाना गेला, आता पिकायची वाट बघत नाहीत, उलट फार पिकला तर काढायला त्रास होतो. पटलं की नाही कोण जाणे, पण मिरचीतला खडा दिसेना तेव्हा तयार झाल्या. ऑपरेशननंतर दिवसातून अनेकदा डोळ्यात औषध घालायचं काम माझ्याकडे आलं. त्या खाटेवर उताण्या पडायच्या, मी वाकून खालची पापणी ओढायचे आणि थेंब सोडायचे. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात आमचे चेहरे एकमेकींच्या एवढे जवळ कधी आले नव्हते.

गोळ्या सुरू केल्यानंतर एका सकाळी मला हिंगाचा वास आला. आधी वाटलं भास. डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग मी घरभर वेड्यासारखी फिरले. साबण हुंगला, कढीपत्ता हुंगला, नवऱ्याचा ऑफिसचा डबा हुंगला, संडासातलं फिनेल हुंगून आले आणि त्या फिनेलनेसुद्धा मला आनंद झाला. डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होते. नस जिवंत होती.

त्याच आनंदात मी आईंच्या डोळ्यात औषध घालायला गेले. वाकले आणि थबकले. आईंच्या अंगाला, तोंडाला मिशरीचा वास असतोच. भाजलेल्या तंबाखूचा तो वास मला लग्नापासून ठाऊक, एका अर्थी तो म्हणजेच आई. पण आज त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. निर्माल्याची पिशवी बरेच दिवस बांधून ठेवावी आणि मग उघडावी, तसं. थेंब टाकून मी बाटली बाजूला ठेवली. मी विचारलं, तोंडात काही झालंय का. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, काय नाय, दाढ हाय. तेव्हा मला एकदम लक्षात आलं की गेले कित्येक महिने त्या बोलताना पदर तोंडाशी धरत होत्या. आम्हाला वाटायचं, दात पडलेत म्हणून लाजतात.

मी म्हटलं, दाखवा. त्यांनी तोंड गच्च मिटलं. सुनेसमोर आ करून बसायचं हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. मी समजावलं, नवऱ्याने समजावलं, भाचीने मोबाइलचा टॉर्च घेऊन लाडीगोडी केली. काही उपयोग नाही. मग माझंही डोकं फिरलं. मी अंगणात जाऊन चुलीवरची कढई उतरवली, पालथी घातली आणि सांगितलं की आई डॉक्टरांना तोंड दाखवत नाहीत तोवर या घरात मसाला भाजला जाणार नाही. वाळलेल्या मिरच्या पोत्यात भरून पडल्या होत्या, लोकांचे फोन येत होते. आईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी नेसून ओसरीवर येऊन बसल्या. ‘‘चल, गिरगाववाली,’’ म्हणाल्या.

पुन्हा तेच डॉक्टर. डॉक्टरांनी खुर्ची मागे केली, डोक्यावरचा दिवा लावला आणि आत वाकून पाहिलं. खालची एक दाढ किडून तुटली होती, तिचं टोक सुरीसारखं होतं, आणि त्याच्या बरोबर समोर जिभेच्या कडेला एक जखम होती. हातमोजा घातलेल्या बोटाने त्यांनी ती हलकेच चाचपली. मग त्यांनी आईंना विचारलं की तिखट लागतं का. लागतं. किती दिवसांपासून. लय दिवस झालं. जेवणात तिखट खाता? ‘‘न्हाय. दूधभात खातंय.’’

मी मधेच बोलले. दूधभात कसला, रोज माझ्या कढईतली चिमूट चिमूट मिरची जिभेवर ठेवतात, असं मी डॉक्टरांना तक्रारीच्या सुरात सांगितलं.

डॉक्टरांनी आईंकडे पाहिलं. ‘‘माँजी, जखमेवर मिरची? कशाला?’’

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘‘हिला वास येत न्हाय ना. करपला तं कोन सांगनार?’’

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी ज्याला अविश्वास समजले तो दोन उन्हाळे त्यांनी स्वतःच्या जिभेवर, शेवटी शेवटी तर जखमेवर, झेललेला मसाला होता. एकही कढई करपली नाही ती माझ्या डोळ्यांमुळे नाही आणि कानांमुळेही नाही. आणि याबद्दल त्यांनी मला एकदाही टोकलं नव्हतं, कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला आणि पदर सारखा केला.

डॉक्टरांनी आधी दाढ काढून घ्यायला सांगितलं. दाढेच्या टोकामुळे झालेली जखम असेल तर टोक गेल्यावर भरून येईल, दोन आठवड्यांत नाही भरली तर तुकडा काढून तपासायचा, आणि मिशरी आजपासून बंद. आईंनी ‘बरं’ म्हटलं आणि घरी आल्यावर मिशरीचा डबा स्वतः मागच्या दारी नेऊन ओतला. मला वाटलं होतं, नाकी नऊ आणतील. पण त्या घाबरल्या होत्या. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

दाढ निघाली. त्यांच्या तोंडाचा वास कमी झाला, की गोळ्या संपत आल्यामुळे माझंच नाक पुन्हा जात होतं, हे मला ठरवता येईना. मी रोज डोळ्यात औषध घालायच्या निमित्ताने वाकून श्वास ओढायचे. एके दिवशी मला काहीच आलं नाही. मी धावत स्वयंपाकघरात जाऊन हिंगाचा डबा उघडला. त्यातूनही काहीच आलं नाही. मग मी ओट्याला टेकून बसले. स्वतःचं नाक गेल्याचं दुःख त्या दिवशी मला झालंच नाही. त्यांच्या तोंडात काय चाललंय हे सांगणारं घरात आता कुणी उरलं नाही, एवढंच वाटत राहिलं.

जखम भरली नाही. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आम्ही मसाला भाजण्यात घालवले, कारण आई म्हणाल्या की लोकांना दिलेला शब्द हाय. त्यांना मी कढईजवळ बसू दिलं, चाखू मात्र दिलं नाही. त्या नाकाने हुंगायच्या आणि हात वर करायच्या, मी उतरवायचे. इतकं साधं होतं. त्यांचं नाक आधीपासून शाबूत होतं. मी विचारलं, मग एवढे दिवस चाखत का होतात. म्हणाल्या, नुसतं हुंगून हात वर केला असता तर शेजारच्या बायकांना कळलं असतं की सुनेचं नाक गेलंय; चाखलं की वाटतं, सासू चव बघतेय. मग हिचा मसाला कोन घेनार.

रिपोर्टमध्ये कॅन्सर होता. डॉक्टरांनी तो शब्द सरळ उच्चारला आणि लगेच पुढे सांगितलं की सुरुवातीचा आहे, लहान आहे, लवकर सापडला आहे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी स्वतः फोन करून वेळ घेतली. त्यांना तसं करायची काही गरज नव्हती. ऑपरेशनमध्ये जिभेची कड काढली, मानेतल्या गाठी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. नंतर काही आठवडे आई नळीने पातळ घेत होत्या आणि पाटीवर लिहून बोलत होत्या. त्यांना लिहिता फारसं येत नाही, त्यामुळे एकेक शब्द असायचा. एकदा त्यांनी लिहिलं, ‘नाक’. मला वाटलं त्यांच्या नाकातली नळी टोचतेय. त्यांनी मान हलवली आणि बोट माझ्याकडे केलं. माझं ऑपरेशन कधी, हे विचारत होत्या.

माझं ऑपरेशन त्या बऱ्या झाल्यावर झालं. दुर्बिणीतून, बाहेर एकही टाका नाही. लोक म्हणाले होते की हे मांस परत वाढतं. डॉक्टर म्हणाले, वाढू शकतं, म्हणूनच औषधाचा फवारा नाकात रोज मारायचा, नाक रोज धुवायचं आणि ती केमिस्टची बाटली घरात दिसली तर मी फोडीन. वास एका दिवसात आला नाही. आधी हिंग, मग कॉफी, मग खूप उशिरा धण्यांचा तो गोडसर वास. मी डॉक्टरांना मसाल्याचा पुडा नेऊन दिला. त्यांनी सांगितलं की आमच्याकडे तिखट कुणी खात नाही, पण तुमच्या सासूबाईंसाठी खाईन.

आई आता थोडं जाड बोलतात. ‘र’ त्यांना नीट जमत नाही. तपासण्या ठरलेल्या असतातच, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरीही अधूनमधून तोंडात बघत जा, नवीन पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दिसली, तर थांबू नका. ज्या बाईने सुनेसमोर तोंड उघडायला नको म्हणून दोन दिवस अबोला धरला होता, ती आता रविवारी सकाळी अंगणात उन्हाच्या तुकड्यात येऊन बसते, डोक्यावरचा पदर मागे सारते आणि न सांगता आ करते. मी टॉर्च धरते. जिभेची कड बघते, गालाच्या आतून बघते, टाळूकडे बघते. मग टॉर्च बाजूला ठेवून तोंडाजवळ नाक नेते आणि श्वास ओढते. डॉक्टरांनी हे सांगितलेलं नाही. हे आमचं आम्हीच ठरवलंय.

‘‘काय येतो?’’ आई तोंड उघडं ठेवूनच विचारतात.

‘‘चहाचा.’’

‘‘आन?’’

‘‘बस. चहाचाच.’’

त्या तोंड मिटतात, पदर डोक्यावर घेतात आणि देठं खुडायला बसतात. मला दर रविवारी त्या क्षणी रडू येतं, आणि मी टॉर्च जागेवर ठेवायच्या निमित्ताने घरात जाते.